सामायिक मार्गावरील सायकल: घंटीच्या आधी ब्रेक

प्रश्न थोडक्यात असा आहे. चालणारे, धावणारे, लहान मुले, कुत्री फिरवणारे आणि सायकलस्वार या सर्वांसाठी मिळून एकच मार्ग आहे. तिथे घंटी वाजवली तर लोक दचकतात किंवा रागावतात आणि न वाजवता पुढे गेले तरीही रागावतात. काही वेगवान सायकलस्वार कोपराला घासून निघून जातात. आणि आता आठ वर्षांच्या मुलीला तिच्या सायकलवर सोबत न्यायचे आहे, तर आपण तिच्या पुढे राहावे की मागे? अशा मार्गांवर मी गेली 22 वर्षे जवळजवळ रोज सायकल चालवतो आहे आणि त्यांतली बरीच वर्षे नव्या सायकलस्वारांना शिकवण्यात गेली आहेत. त्या अनुभवाच्या आधारे हे उत्तर लिहीत आहे.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर घंटीपेक्षा ब्रेकमध्ये शोधावे लागेल. लोकांना ज्या घंटीचा राग येतो ती बहुतेक वेळा वेग तसाच ठेवून वाजवलेली असते. वाजवणाऱ्याच्या मनात काहीही असले तरी ऐकणाऱ्याला तिचा अर्थ ‘बाजूला हो’ असाच लागतो. तीच घंटी वेग आधी उतरवून वाजवली, तर ‘मी मागे आहे’ एवढाच निरोप पोहोचतो. पॅडल थांबल्यावर येणारी फ्रीव्हीलची टिकटिक, टायरचा मंदावलेला आवाज आणि मागच्या माणसाला घाई नाही ही जाणीव चालणाऱ्याला वळून न पाहताही होते. म्हणून मी शिकवताना क्रम पाठ करून घेतो: आधी ब्रेक, मग घंटी, मग थोडे थांबणे आणि शेवटी पुढे जाणे. नव्या माणसाच्या हातून यातले तिसरे पाऊल हमखास गळते.

आकडे एकदा मांडून पाहिले म्हणजे या क्रमाचे कारण कळेल. ताशी 25 किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात सुमारे 7 मीटर अंतर कापते. समोर काही घडल्याचे लक्षात येऊन बोटे ब्रेकवर आवळली जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो, आणि कोरड्या, टणक पृष्ठभागावर, चांगल्या ब्रेकनेही त्यानंतर जवळपास तितकेच अंतर आणखी लागते. म्हणजे सायकल पूर्ण थांबेपर्यंत साधारण 14 मीटर गेलेले असतात. ताशी 15 किलोमीटर वेगाला हेच अंतर 7 मीटरच्या आत येते. धडक झालीच तर तिच्यातली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून 15 ऐवजी 25 चा वेग असेल तर ती जवळजवळ पावणेतीन पट भरते. वेगातला फरक दहाचाच असतो, परंतु समोर वयस्कर व्यक्ती असेल तर त्या दहामुळे खरचटण्याऐवजी खुब्याचे हाड मोडू शकते. ओल्या पृष्ठभागावर थांबण्याचे अंतर आणखी वाढते, आणि रिमवर पकडणारे ब्रेक असतील तर रिमवरचे पाणी पुसले जाईपर्यंत त्यांना नीट पकडच येत नाही. ओली पाने, लाकडी पुलाच्या फळ्या, रंगवलेले पट्टे आणि विखुरलेली खडी यांवर पुढचा ब्रेक जोरात आवळला की चाक निसटते, हेही लक्षात ठेवावे.

जागेचाही हिशेब करावा लागतो. अशा मार्गांची रुंदी पुष्कळ ठिकाणी 3 मीटरच्या आसपास असते. सायकलचे हँडल 60 ते 70 सेंटीमीटर रुंद असले तरी चालताना होणारी तिची लहानमोठी डोल धरून तिला सुमारे 1 मीटर लागतो. शेजारी शेजारी चालणाऱ्या दोन व्यक्तींना सव्वा मीटर लागतो. समोरून दुसरी सायकल आली की रुंदी संपली. म्हणून दोन्ही बाजूंनी सायकली येत असताना मध्ये चालणाऱ्यांना गाठून ‘बसेल’ अशा हिशेबाने घुसणे ही या मार्गांवरची सर्वांत सामान्य आणि सर्वांत टाळता येण्याजोगी चूक आहे. समोरची सायकल जाऊ द्यावी आणि चालणाऱ्यांच्या मागे चार सेकंद चालीच्या वेगाने राहावे. दोन सायकलस्वार ताशी 25 च्या वेगाने समोरासमोर येत असतील तर त्यांच्यातले 50 मीटर अंतर साडेतीन सेकंदांत संपते. डोळ्याला ते अंतर पुष्कळ वाटते आणि तिथेच अंदाज चुकतो.

मला हा धडा पुस्तकातून मिळालेला नाही. सुरुवातीच्या वर्षांत एका संध्याकाळी मी एका वृद्ध गृहस्थांच्या मागे तीन-चार मीटरवर पोहोचल्यावर घंटी वाजवली. ते दचकले आणि मोकळी दिसत असलेल्या बाजूलाच, म्हणजे मी जिथून जाणार होतो तिकडेच सरकले. मी हँडल वळवून गवतात पडलो. त्यांना लागले नाही, पण ते पुढचा कितीतरी वेळ मार्गाच्या कडेला थरथरत बसून होते आणि वारंवार माझीच क्षमा मागत होते. चूक पूर्णपणे माझी होती. मागून अचानक आवाज आला की माणूस आधी हलतो आणि मग विचार करतो. तो कुठल्या बाजूला हलेल हे त्यालाही ठाऊक नसते. उशिरा वाजवलेली घंटी ही न वाजवलेल्या घंटीपेक्षा जास्त धोक्याची असते, हे मला त्या दिवशी कळले.

म्हणून मागून पुढे जाण्याची रीत थोडी तपशिलात सांगतो. चालणाऱ्याच्या मागे साधारण 20 मीटरवर असतानाच वेग ताशी 15 च्या खाली आणून एकदा, हलकेच घंटी वाजवावी. तोही पुढे चालत असल्याने या वेगाला त्याच्यापर्यंत पोहोचायला सहा-सात सेकंद लागतात, तेवढ्यात त्याला ऐकू येऊन, समजून, हवे तर बाजूला होता येते. ताशी 25 नेच गेलात तर हा अवधी निम्म्यावर येतो. घंटीनंतर त्याच्या खांद्यांकडे आणि डोक्याकडे पाहावे. मान किंचित वळली, पाऊल कडेला पडले किंवा हात वर झाला, तर निरोप पोहोचला आहे. काहीच हालचाल नसेल तर त्याने ऐकले नाही असे धरावे. कानांत इअरफोन असू शकतात, त्याला ऐकू कमी येत असू शकते, किंवा तो आपल्या विचारांत गढलेला असू शकतो. अशा वेळी पुन्हा पुन्हा घंटी बडवण्यापेक्षा जवळ जाऊन, चालीच्या वेगाने, शांत आवाजात ‘मी तुमच्या उजवीकडून पुढे जातो आहे’ असे पूर्ण वाक्य बोलावे. नुसते ‘उजवीकडे’ असे ओरडू नये, कारण ऐकणारा ती आज्ञा समजून उजवीकडेच सरकतो. जाताना निदान हातभर, शक्य असेल तर मीटरभर अंतर ठेवावे आणि आभार मानावेत. आभाराचा शब्द ऐकलेला माणूस पुढच्या सायकलस्वाराच्या घंटीलाही कमी घाबरतो.

गट असेल तर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. चौघे-पाचजण पसरून चालत असताना घंटी वाजली की ते दोन्ही कडांना विभागले जातात आणि मध्ये वाट मोकळी झाल्यासारखी दिसते. त्या वाटेवर लगेच जाऊ नये. एका बाजूला एकटी पडलेली व्यक्ती क्षणभराने आपल्या सोबत्यांकडे धाव घेते, आणि ती धाव नेमकी मधूनच असते. आईवडील एका कडेला आणि मूल दुसऱ्या कडेला राहिले असेल तर ते मूल पळत मध्ये येणारच, असे धरून चालावे. दोन सेकंद थांबले की गट आपोआप एका बाजूला होतो.

घंटी वाजवावी की नाही याबद्दल सगळीकडे एकच मत नाही. जपानमध्ये चालणाऱ्यांना बाजूला करण्यासाठी घंटी वाजवणे नियमाला धरून नाही. धोका टाळण्याची गरज पडली तरच ती वाजवायची आणि एरवी सायकलस्वाराने हळू होऊन थांबायचे, असा तिथला दंडक आहे. ब्रिटनच्या हायवे कोड या वाहतूक नियमांच्या संहितेत मात्र सामायिक जागेत घंटी वाजवून किंवा नम्रपणे हाक देऊन आपण असल्याचे कळवावे, असे सुचवले आहे. त्याच संहितेत 2022 च्या बदलांनी हेही स्पष्ट केले, की ज्याच्याकडून इतरांना जास्त इजा होऊ शकते त्याच्यावर जास्त जबाबदारी असते. घंटीबद्दल हे दोन देश वेगळे बोलतात, पण वेग उतरवण्याची जबाबदारी दोन्हीकडे सायकलस्वारावरच आहे. तुमच्या मार्गावर जी सूचना लिहिलेली असेल ती पाळावी. काहीच लिहिलेले नसेल तर आपल्याकडील रस्त्याची जी बाजू असेल तीच धरावी आणि विरुद्ध बाजूने पुढे जावे.

काही जणांच्या बाबतीत मात्र घंटी उपयोगाची नाही आणि तिथे आपल्यालाच पूर्ण काळजी घ्यावी लागते. लहान मुलांचे पाहा. मूल ज्या दिशेला पाहते त्याच दिशेला त्याची सायकल वळते, त्यामुळे मागून घंटी वाजवली की ते वळून पाहते आणि आपल्यासमोर येते. मुलाच्या जवळून जाताना चालीचाच वेग ठेवावा आणि बोलायचे असेल तर सोबतच्या मोठ्या माणसाशी बोलावे. कुत्रा असेल तर सगळ्यांत आधी पट्टा शोधावा. माणूस एका कडेला, कुत्रा दुसऱ्या कडेला आणि मध्ये ताणलेली बारीक दोरी, हे दृश्य संध्याकाळच्या प्रकाशात दिसतच नाही. लांब होणारा पट्टा असेल तर कुत्रा सात-आठ मीटर दूर असू शकतो. दोघे दोन बाजूंना दिसले की थांबावे, मालक दोरी आवरून घेईपर्यंत वाट पाहावी. धावणाऱ्यांची अडचण निराळी आहे. ते ठरलेले अंतर पूर्ण झाले की मागे न पाहता जागच्या जागी उलट फिरतात, म्हणून त्यांना अगदी जवळून कधीच मागे टाकू नये. पांढरी काठी घेतलेल्या व्यक्तीपाशी सायकल जवळजवळ थांबवून बोलावे, आपण कोणत्या बाजूने जाणार ते सांगावे आणि काठीच्या पुढून आडवे कधीही जाऊ नये. जिथे घोडेस्वारांनाही परवानगी आहे तिथे घोड्याच्या मागे पुष्कळ अंतरावरूनच माणसाच्या आवाजात हाक द्यावी आणि स्वार सांगेल तेव्हाच, भरपूर अंतर ठेवून पुढे जावे. घोडा मूळचा भक्ष्य होणारा प्राणी असल्याने मागून आवाज न करता येणारी वस्तू त्याला शिकाऱ्यासारखी भासते.

आता तुमचा दुसरा प्रश्न, कोपराला घासून जाणाऱ्या सायकलस्वारांचा. पादचाऱ्यांशी नीट वागणारे पुष्कळ सायकलस्वार दुसऱ्या सायकलस्वाराला मात्र जागा देत नाहीत, कारण ‘त्याला सवय असेल’ असे ते गृहीत धरतात. हे गृहीतक चुकीचे आहे. पुढचा माणूस खड्डा चुकवण्यासाठी अर्धा मीटर सहज सरकतो आणि तसे करण्याचा त्याला हक्क आहे. त्याहून मोठा धोका चाके एकमेकांवर येण्याचा असतो. आपले पुढचे चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला असताना तो थोडा जरी सरकला आणि चाके टेकली, तरी त्याला फारसे काही होत नाही, पण मागच्याचे हँडल क्षणात फिरते आणि तो आपटतो. म्हणून पुढे जायचे असेल तर आधी सांगून, पूर्ण बाहेर येऊन, एका दमात जावे, आणि मागे पाहून निदान सायकलभर अंतर पडल्याशिवाय आत शिरू नये. अनोळखी माणसाच्या मागे वारा चुकवण्यासाठी चिकटून चालणे हा प्रकारही त्याच्या परवानगीशिवाय करू नये. आपण मागे आहोत हेच त्याला माहीत नसते आणि तो कधीही ब्रेक लावू शकतो. ज्याला कोणी मागे टाकत आहे त्याचेही एक काम असते: आपली रेषा सोडू नये, वेग वाढवू नये आणि दचकून कडेच्या खडीत उतरू नये. तुम्ही सरळ, समान वेगाने जात राहिलात तर घाईत असलेल्यालाही तुमचा अंदाज येतो. तुम्ही अगदी कडेला चिकटून चालत असाल तर तेही सोडा. कडेपासून अर्धा मीटर आत राहिल्याने तुम्हाला सरकायला जागा उरते आणि मागच्याला नीट बाहेर येऊनच पुढे जावे लागते.

या सायकलस्वारांपैकी जे सराव करत आहेत त्यांच्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. वेळ नोंदवणाऱ्या ॲपमध्ये आपला जुना आकडा मोडायचा असेल तर सामायिक मार्ग ही त्याची जागा नाही. सलग ताशी 25 हून जास्त वेग राखायचा असेल तर रस्त्यावर जावे, किंवा मार्ग रिकामा असतो अशा पहाटेच्या वेळी आणि तेही जिथवर दिसते तिथवरच वेग घ्यावा. हँडलवरून पुढे आलेल्या दांड्यांवर हात टेकून वाकून चालवण्याची पद्धत तर इथे पूर्ण वर्ज्य समजावी, कारण त्या स्थितीत बोटे ब्रेकपासून दूर असतात. विजेवर चालणाऱ्या सायकलींबाबत थोडे वेगळे सांगावे लागते. युरोपीय संघात सामान्य ई-सायकलची मोटर 250 वॅटची असते आणि ताशी 25 किलोमीटरला तिची मदत बंद होते. अमेरिकेत ई-सायकलींच्या काही वर्गांना ताशी 45 किलोमीटरपर्यंत मदत मिळते. वेग कायद्यात बसला म्हणून तो गर्दीच्या मार्गावर योग्य ठरत नाही. शिवाय ही सायकल बहुधा साध्या सायकलीपेक्षा बरीच जड असते आणि पूर्वी कधी ताशी 15 च्या पुढे न गेलेला माणूसही तिच्यावर पहिल्याच दिवशी 25 गाठतो. अशा व्यक्तीने मदतीची पातळी सर्वांत खाली ठेवूनच सुरुवात करावी.

हळू चालवणे हेही कौशल्य आहे आणि ते न आल्यामुळेच बरेच जण वेग उतरवत नाहीत, कारण ताशी 8 च्या खाली सायकल डगमगू लागते. यासाठी हलका गिअर लावावा, पॅडल चालू ठेवावे, मागचा ब्रेक किंचित ओढून धरावा आणि नजर चाकाकडे न ठेवता आठ-दहा मीटर पुढे ठेवावी. रिकाम्या मैदानात आठवडाभर रोज दहा मिनिटे असा सराव केला की चालणाऱ्याच्या मागे त्याच्याच चालीने राहणे अवघड वाटत नाही.

समूहाने जाताना एकामागे एक राहावे. दोघे शेजारी चालले की समोरच्याला जागा उरत नाही. मार्गाच्या तोंडाशी मोटारी अडवण्यासाठी मधोमध रोवलेले खांब हा समूहाचा मोठा शत्रू आहे. पुढच्याला खांब दिसतो, तो शेवटच्या क्षणी वळतो आणि त्याच्या आड असलेला मागचा सरळ खांबावर जातो. पुढच्याने लांबूनच ‘खांब’ अशी हाक द्यावी आणि हात करून दाखवावे. मागच्यांनी अंतर वाढवावे. पुढच्याला वाट मोकळी दिसली म्हणून त्याच्या मागोमाग सगळ्यांनी पादचाऱ्याला मागे टाकू नये. प्रत्येकाने स्वतः पाहावे, आणि पहिल्याने ‘आमच्यातले आणखी तिघे मागे आहेत’ असे त्या पादचाऱ्याला सांगावे, नाहीतर पहिला गेला की तो पुन्हा मध्ये येतो. थांबायचे असेल, मग ते पंक्चरसाठी असो वा पाणी पिण्यासाठी, तर मागच्या चाकासकट पूर्ण बाहेर उतरावे, आणि वळणावर किंवा पुलावर थांबू नये.

दिव्यांबद्दल तक्रार वाढली आहे आणि ती रास्त आहे. रस्त्यासाठी घेतलेला प्रखर दिवा सरळ रोखलेला असेल तर समोरून चालत येणाऱ्याला काही क्षण काहीच दिसत नाही. पुढचा दिवा खाली झुकवावा, त्याचा झोत जमिनीवर पडेल आणि समोरच्याच्या छातीच्या वर जाणार नाही असा लावावा, आणि कमी प्रकाशाच्या पातळीवर ठेवावा. लुकलुकणारा दिवा अंधाऱ्या मार्गावर लावू नये, कारण त्यावरून अंतराचा अंदाज येत नाही. जर्मनीत तर सायकलीवर असे दिवे लावण्यास नियमानेच मनाई आहे.

चालणाऱ्यांच्याही चुका होतात: पूर्ण रुंदी अडवणे, अचानक थांबणे, मोबाइलमध्ये पाहत चालणे. तरीही त्यांना वाटेत थांबवून शिकवण्याचा मी कधी प्रयत्न करत नाही. मागून आलेला, हेल्मेट घातलेला अनोळखी माणूस नियम सांगू लागला की ऐकणारा नियम विसरतो आणि स्वर लक्षात ठेवतो. उतारावर आणि अरुंद पुलावर चढून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे. हक्क कुणाचा हे न पाहता ज्याला थांबणे सोपे आहे त्याने थांबावे.

शेवटी मुलीबद्दल. तिच्या मागे राहा, एका सायकलीच्या अंतरावर आणि तिच्यापेक्षा किंचित मध्याकडे, म्हणजे तिच्या मागून येणाऱ्याला तुम्हाला चुकवूनच जावे लागेल आणि ती तुमच्या नजरेत राहील. पुढे राहिलात तर तुम्ही सतत मान वळवत राहाल आणि तीही तुमच्या मागच्या चाकाकडे पाहत चालवेल. मागून तुम्ही बोलाल ते मोजकेच शब्द आधी ठरवून घ्या: ‘कडेला’, ‘हळू’, ‘थांब’. हे तीन शब्द घराजवळच्या रिकाम्या जागेत आधी घोटून घ्या आणि ‘थांब’ म्हटल्यावर ती दोन्ही ब्रेक लावून पाय टेकते आहे याची खात्री झाल्यावरच गर्दीच्या मार्गावर जा. फक्त रस्ता ओलांडण्याच्या जागी तुम्ही पुढे या, उतरा आणि तिलाही उतरवून दोघांनी सायकली हाताने ओलांडून न्या. तिच्या हाताला ब्रेकची मूठ नीट पोहोचते का, हेही निघण्यापूर्वी पाहा. मुलांच्या बऱ्याच सायकलींवर ती लहान बोटांपासून दूर असते, परंतु पुष्कळदा मुठीजवळच्या एका लहान स्क्रूने ती आत घेता येते आणि त्याला दोन मिनिटे पुरतात.